बारा ते एक

पडली.
सकाळी पुन्हा चालवली. पास.
कुणी काही विचारलं नाही.

आधी आम्ही तिला नाव ठेवलं, लहरी,
मग नावं ठेवत राहिलो.
टोर्शाव्हनच्या धक्क्यासमोर, दुसऱ्या मजल्यावर,
फेरीबोटीच्या तिकिटांचा प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही पाच जण
आणि दोन हजार एकशे चौदा टेस्ट.
त्यातल्या दोन हजार एकशे तेरा शहाण्या.

हानुसने तिला तीन संधी दिल्या,
दोन संधींमध्ये अर्धा तास विश्रांती.
तीनदा पडली तरच पडली म्हणायचं.
ब्यार्ताने वर टीप लिहिली : सध्या दुर्लक्ष करा.
त्या ‘सध्या’ला मार्चमध्ये दोन वर्षं झाली.

लांडगा आला रे आला ही गोष्ट
इथे सांगून उपयोग नाही.
या बेटांवर मेंढ्या माणसांहून जास्त,
लांडगा एकही नाही.
लाल खुणेकडे आम्ही बघायचो
ते वादळाच्या इशाऱ्याकडे बघावं तसे :
आहे का? आहे.
असतोच.

हिवाळ्यात मात्र ती गुणी मुलीसारखी वागायची.
नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, एकदाही नाही.
हानुस म्हणायचा, सुधारली.
मग जून यायचा. रात्री अकरालाही आकाश ताकासारखं,
घरी जायचं कुणाला सुचायचं नाही,
आणि मध्यरात्र उलटल्यावर कुणीतरी काम ढकलायचं
आणि ती पडायची.
तुझ्यामुळे पडली.
माझ्यामुळे कशी? मी फक्त बटणाचा रंग बदलला.
मग रंग परत बदल.
(त्याने खरंच बदलला. सकाळ झालेली होती. पास.)

सामल नावाचे एक गृहस्थ, सुम्बा गावचे,
जुलैत रात्री बारा वीसला
बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून
आजच्या पहिल्या बोटीचं तिकीट काढतात.
सकाळी धक्क्यावर उभे, मागे ट्रेलरमध्ये एक एडका.
तिकिटावर तारीख कालची.
बोट गेली. एडका राहिला. तेही राहिले.
फोनवर ते ओरडले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले,
काल मी इथे नव्हतो.
तुमचं यंत्र म्हणतं, होतो.
तुम्ही जरा त्याच्याशी बोलून घ्या.

रानवॉ आमच्यातली सगळ्यात नवी,
लहरीला नावं ठेवायला अजून न शिकलेली.
तिने दोन वर्षांचे लॉग उपसले,
बेकरीच्या खाकी पिशवीवर एकेक वेळ लिहीत गेली.
बारा सात. बारा एकेचाळीस. बारा एकोणीस.
त्रेपन्न वेळा पडली होती.
त्रेपन्नही वेळा बारा ते एकच्या मध्ये,
त्रेपन्नही वेळा उन्हाळ्यात.

उन्हाळ्यात आम्ही घड्याळ तासभर पुढे करतो.
सर्व्हर करत नाही.
तो वर्षभर ग्रिनिचशी इमान राखून असतो.
म्हणून रोज रात्री एक तास
आमच्याकडे आज असतो
आणि त्याच्याकडे अजून काल.
त्या तासात जो कुणी ‘आज’ म्हणेल
त्याला काल मिळतो, पावतीसकट.

एवढंच ती सांगत होती.
दोन वर्षं, त्रेपन्न वेळा, त्याच शब्दांत.
आणि हानुसच्या त्या विश्रांतीने
तिला दर वेळी एकच्या पलीकडे नेऊन सोडलं होतं,
जिथे तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नसे.

दुरुस्ती दोन ओळींची.
ब्यार्ताने टीप पुसली. हानुसने संध्या काढून घेतल्या
असं लिहिताना त्याच्याकडून संधींच्या संध्या झाल्या,
ते कुणी सुधारलं नाही.
सामलना नवं तिकीट पाठवलं,
एडक्यासकट, फुकट.
उत्तर आलं : तारीख तपासली. ठीक आहे.

त्या रात्री आम्ही पाचही जण थांबलो.
बारा वाजून एक मिनिटाला चालवली. पास.
तरी एक वाजेपर्यंत कुणी उठलं नाही.
उजेड होता. कॉफी संपली होती.

परवा दुपारी आणखी एक पडली, दुसरीच.
हानुसचं बोट ‘पुन्हा चालवा’वर गेलं,
सवयीनं.
तिथेच थबकलं.
मान न वळवता त्याने विचारलं,
किती वाजले?